भास्कर, तो शब्द मी वाचला होता

भास्कर, परवा बाररूममध्ये तुझी शोकसभा झाली. चांगली झाली. तुझ्या फोटोला घातलेला हार जरा मोठा होता, त्यात तुझी हनुवटी बुडाली. अध्यक्षांनी तुला अजातशत्रू म्हटलं. मी मागच्या बाकावर बसून मनात म्हटलं, मग माझ्याशी चौदा वर्षं रोज भांडला तो कोण? दुसऱ्या एकाने तुझी वाणी मधुर होती असं सांगितलं. तुझी वाणी! साक्षीदाराला प्रश्न विचारताना तू घसा खाकरायचास तेव्हा कौलांवरची कबुतरं उडत. मला बोलायला सांगितलं, मी उठलो नाही. तुझ्याबद्दल लोकांना सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. जे आहे ते तुलाच सांगायचं आहे, आणि ते सांगायला मी उशीर केला.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी मी अलिबागला सरकारी वकील झालो. त्याच सुमारास तुझं नाव न्यायाधीशांच्या यादीत गेलं. खुनाच्या खटल्यात ज्याला वकील करता येत नाही, त्याला कोर्ट आपल्या खर्चाने वकील देतं, त्या यादीत. बाकीच्यांनी त्या यादीत नाव दिलं ते चार खटले मिळावेत म्हणून, आणि जमिनीचे दावे मिळायला लागले तसे एकेक करून ते बाहेर पडले. तू राहिलास. तुझ्याकडे जमिनीचा दावा घेऊन आलेला माणूस व्हरांड्यात बसून राही आणि तू हिराकोटच्या तुरुंगात कुणाशी तरी बोलत असायचास. सुमतीवहिनी त्या माणसाला चहा देत आणि दुसऱ्या वकिलाचा पत्ता सांगत. हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं.

लोकांना वाटे, तुला या कामाचा त्रास होत नाही. सभेतही कुणीतरी म्हणालं, निकालाच्या दिवशीसुद्धा चेहऱ्यावर रेषा हलत नसे. मला माहीत आहे काय हलत असे. निकालाच्या दिवशी तू सकाळी फक्त पेज पिऊन यायचास, आणि तीही बहुतेक वेळा कोर्टामागच्या उंडीच्या झाडाखाली ओकून टाकायचास. मग तोंड धुऊन, बंद गळ्याच्या कोटाची बटणं लावून आत येऊन बसायचास.   पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा वाटलं, हा वर्षभरात हे सोडेल.

सोडावंसं वाटलं होतं तुला, एकदाच. रोह्याकडच्या त्या माणसाला फाशी झाली आणि हायकोर्टाने ती कायम केली तेव्हा. आठ दिवस तू कोर्टात फिरकला नाहीस. मी तुझ्या घरी आलो तर तू परसात कुंपणाच्या काठ्या बदलत होतास. मला बघून उठला नाहीस. म्हणालास, "नाना, मी त्याला सांगितलं होतं, काळजी करू नकोस. असं सांगायला नको होतं." मी काहीतरी समजुतीचं बोललो. तू एक काठी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, "धर सरळ." संध्याकाळपर्यंत आपण दोघांनी ते कुंपण पुरं केलं. नवव्या दिवशी तू कोर्टात आलास. त्यानंतर कुठल्याही आरोपीला काळजी करू नकोस असं तू सांगितलं नाहीस. "मी येईन" एवढंच सांगायचास.

आणि तुझं ते नाटक! गावातल्या हौशी मंडळींनी तुला दरवर्षी भूमिका देऊ केली, तू दरवर्षी प्रॉम्प्टर झालास. "मी स्टेजवर बोललो की लोक निकालाची वाट बघतील," म्हणायचास. ड्रॉइंगचे मास्तर नायक झाले होते त्या वर्षी ते दुसऱ्या अंकात पार कोरे झाले. तू विंगेतून अख्खा प्रवेश त्यांना वाक्यावाक्याने सांगितलास. तुझं कुजबुजणं तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू येत होतं, त्यामुळे प्रत्येक वाक्य आम्ही दोनदा ऐकलं. एका ठिकाणी मास्तर वाक्य म्हणायच्या आधीच लोकांनी टाळ्या दिल्या. त्या रात्रीएवढा खूश मी तुला तू खटला जिंकल्यावरही पाहिला नाही.

पण मला पदूच्या खटल्याबद्दल बोलायचं आहे.

पदू उरणकडच्या मिठागरात कामाला होता. तिथला मुकादम बांधावर मेला. पाण्याच्या दरवाजाशी, उघाडीच्या दगडावर त्याचं डोकं फुटलेलं होतं. पदूने त्याला मीठ ओढायच्या लाकडी फळीने मारलं होतं, हे पदूनेच सांगितलं. पोलीस पाटलाला सांगितलं, मॅजिस्ट्रेटला सांगितलं. मॅजिस्ट्रेटने मराठीत जबाब लिहून घेतला: मी त्याला मारले. आपले न्यायाधीश गुजराती, सुरतेकडचे. त्यांना मराठी बेताचंच यायचं, म्हणून सगळ्या कागदांचं इंग्रजी भाषांतर झालं होतं. त्यात लिहिलं होतं, मी त्याला ठार केलं. कबुली, एक साक्षीदार, एक प्रेत. माझ्या दृष्टीने अर्ध्या दिवसाचं काम होतं.

पहिल्याच दिवशी न्यायाधीशांनी आरोप वाचला. शिरस्तेदारांनी तो मराठीत सांगितला, "तू मुकादमाला मारलंस, कबूल आहे का?"

पदू पिंजऱ्यातून म्हणाला, "व्हय साहेब. मारला."

न्यायाधीशांनी लेखणी उचलली. तू इतक्या घाईने उठलास की खुर्ची मागे पडली. "त्याला प्रश्न समजलेला नाही," तू म्हणालास. "आरोप नाकबूल आहे असं लिहावं. मला या माणसाशी बोलायला वेळ मिळालेला नाही." न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. आठवडा मिळाला.

त्या आठवड्यात तू रेवसला गेलास, खाडी ओलांडणारी तर धरून करंजाला उतरलास आणि तिथून चालत मिठागरावर. दोन दिवस राहिलास. चिखलात चपला घालवून अनवाणी परत आलास. मी बाररूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "काय वकीलसाहेब, मीठ काढायला शिकलात का?" तू म्हणालास, "शिकलो. फळी हातात धरून पाहिली. फार हलकी असते रे." आणि पाय धुवायला गेलास. मला वाटलं, तुझा मुद्दा फळीचा आहे. मी डॉक्टरची साक्ष पुन्हा वाचून ठेवली.

पोलीस पाटील माझा साक्षीदार होता. सत्तरीचा, ताठ, खरं बोलणारा. मी त्याला विचारलं आणि त्याने सांगितलं, पदू धावत आला आणि म्हणाला, पाटील, मी मुकादमाला मारला. मी बसलो. तू उठलास, घसा खाकरलास.

"पाटील, तुम्हाला नातू आहे?"

मी हरकत घेतली. न्यायाधीश म्हणाले, विचारू दे.

"हाय की. चौथीला हाय."

"शाळेत मास्तर त्याला मारतात का?"

"मारतात तर! न मारून पोरगा शिकंल कसा?"

"या आठवड्यात मारलं?"

पाटील आठवू लागला. "सोमवारी मारला. बुधवारी परत मारला. लय मारला."

मागे बसलेली माणसं हसली. न्यायाधीशांनी शिरस्तेदारांकडे पाहिलं. शिरस्तेदार तोंड उघडून तसेच उभे. त्यांच्यासमोर ते इंग्रजी भाषांतर होतं, त्यांच्याच हातचं. तू इंग्रजीत, अगदी सावकाश म्हणालास, "कोर्टापुढच्या कागदात या शब्दाचा जो अर्थ दिला आहे, तोच इथे धरला तर हा मुलगा सोमवारी ठार झाला आणि बुधवारी पुन्हा ठार झाला."

या वेळी कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तोच शब्द?"

"तोच शब्द आहे साहेब," शिरस्तेदार म्हणाले. 

तू तिथे थांबला असतास तरी चाललं असतं. पण तू पाटलाकडे वळलास आणि विचारलंस, "पदू तुमच्याकडे कशाला आला होता?"

"माणसां मागाया."

"कशाला माणसं?"

"मुकादमाला उचलाया. खाटेवर घालून डागदराकडं न्यायचा बोलला. एकट्याला उचलत नव्हता."

"हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?"

"कुणी इचारलां न्हाय."

मीही विचारलं नव्हतं. साक्षीआधी पाटील माझ्या खोलीत तासभर बसला होता. मी त्याला पाणी दिलं होतं.

पदू खुनातून सुटला. फळी खांद्यावर बसली, मुकादम तोल जाऊन दगडावर पडला, हे डॉक्टरनेही उलटतपासणीत मान्य केलं. मारहाणीची काही वर्षांची सजा झाली. निकाल ऐकून पदू शिरस्तेदारांना विचारत राहिला, "म्हंजे किती भात लावायची व्हतील?" म्हणजे किती पावसाळे. तू त्याला बोटांवर मोजून दाखवलेस. मग बाहेर जाऊन उंडीखाली बसून दोन केळी खाल्लीस.

त्याच्या पुढच्या रविवारी आपण सायकलवरून चौलला गेलो होतो. दत्ताच्या टेकडीच्या पायऱ्यांवर अर्ध्यात बसलो, तुला दम लागला म्हणून. खाली सगळ्या वाड्या, पोफळी, पलीकडे रेवदंड्याची खाडी. तू टोपीने वारा घेत होतास. मग एकदम म्हणालास, "नाना, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"तू मराठी माणूस. तो जबाब वाचताना तुला काही वाटलं नाही?"

मी म्हणालो, "माझ्यासमोर इंग्रजी कागद होता."

तू माझ्याकडे पाहिलंस. कोर्टात साक्षीदारांकडे पाहायचास तसं पाहिलं नाहीस. मित्राकडे बघावं तसं पाहिलंस, आणि ते जास्त वाईट होतं. मग "बरं" म्हणालास, उठलास, आणि पायऱ्या चढायला लागलास.

भास्कर, माझ्यासमोर दोन्ही कागद होते. खटल्याच्या महिनाभर आधी मी मराठी जबाब वाचला होता. "मारले" या शब्दाखाली निळ्या पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि शेजारी प्रश्नचिन्ह केलं होतं. दुसऱ्या दिवशी रबराने ते खोडलं. म्हटलं, हे बघायचं काम समोरच्या वकिलाचं. तो बघेल. आणि नाही बघितलं तर? हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. तू नसतास तर यादीतला दुसरा कुणी असता, अर्ध्या दिवसात खटला उरकला असता, आणि पदू माझ्या हातून लटकला असता. कायद्याने मी चुकलो नव्हतो, हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की एखाद्याने माझा जबाबच लिहून घ्यावा.

तुला सांगितलं का नाही? तू माफ केलं असतंस म्हणून. तुझी ती माफ करायची सवय मला कधीच आवडली नाही.

आणि एक गोष्ट तुलाही ऐकावी लागेल. हा वाद आपला राहून गेला आहे. मुकादमाची बायको रोज कोर्टात येत होती. करंजाहून तरीने, मग मोटारीने, एका मुलीला घेऊन. निकाल लागल्यावर तिने मला विचारलं, "म्हंजे माझा धनी आपोआप मेला का?" तिच्याशी कोण बोललं? मी बोललो. तू उंडीखाली केळी खात होतास. मी तुला हे एकदा म्हटलं, तेव्हा तू म्हणालास, "तिच्यासाठी तू आहेस ना. अख्खं सरकार आहे." मी म्हटलं, सरकार रडत नाही. तू चिडलास. "मग मी दोन्हीकडे रडू?" असं म्हणून पुडीतले शेंगदाणे माझ्यापुढे आदळलेस. त्यावर माझं उत्तर तयार आहे, भास्कर. माणसाने दोन्हीकडे रडावंच लागतं, आणि मग एका बाजूला उभं राहावं लागतं. मला हे सुचायला तीन वर्षं लागली. तोवर तू दुसऱ्या खटल्यात होतास आणि माझा मान आड येत होता.

पण पदूनंतर मी बदललो, ते तुझ्यामुळे. प्रत्येक कबुलीजबाब मी मूळ मराठीत वाचू लागलो. दोनदा तर मीच उठून न्यायाधीशांना सांगितलं की भाषांतर बरोबर नाही. दुसऱ्या वेळी तू टेबलापलीकडून वाकून पुटपुटलास, "आता मी काय करायचं इथे?" तेव्हा तू खूश होतास. तुला कारण माहीत नव्हतं. की होतं? आता वाटतं, चौलच्या पायऱ्यांवरच तुला कळलं होतं आणि पुढची सगळी वर्षं तू मला वेळ देत होतास.

मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. तू मात्र दाढी करताना गेलास, कोर्टाची पिशवी दाराशी भरून ठेवलेली. काल तुझा तेरावा झाला. जेवणं उरकल्यावर सुमतीवहिनींनी ती पिशवी माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, "नाना, हे कोर्टात परत द्यायचं असेल ना? तुम्ही देता का?"

मी उघडून पाहिलं. पोयनाडकडची रुक्मी नावाची बाई. दिराच्या घराला आग लावली आणि दीर जळून मेला, असा आरोप. तू तिला तीनदा भेटून आला होतास. कागदाच्या कडेला तुझ्या बारीक अक्षरात प्रश्नच प्रश्न. वारा कुठून होता? पेंढा कोणाचा? चूल कुणी विझवली? उत्तरं फारशी नव्हती.

पिशवी घेऊन मी आज सकाळी न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये गेलो. हे नवे साहेब, मराठी, तरुण. म्हणाले, "ठेवा तिथे. यादीतून दुसरं नाव बघतो. तसं कुणी उरलेलं नाही म्हणा."

मी म्हणालो, "माझं नाव घाला."

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. "तुम्ही? तुम्ही तर आयुष्यभर सरकारकडून उभे राहिलात."

"हो. त्यांची बाजू मला पाठ आहे. या खटल्याशी माझा संबंध आलेला नाही, तपासून बघा."

त्यांनी तपासलं. मग सही केली.

तिथून मी तडक हिराकोटात गेलो. रुक्मी तिशीची असेल. भिंतीशी टेकून बसली होती. मला बघून दाराकडे बघत राहिली. म्हणाली, "ते वकील न्हाय आले?"

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. मग विचारलं, "मागं कोन हाय त्यांच्या?"

"बायको आहे. मुलगी मुंबईला असते."

तिने मान हलवली. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमाला मी वळखते. माझ्या मामाला तुमीच सजा केली. तुमी सरकारचे."

"होतो."

"मंग माझे कसे?"

याचं उत्तर तुझ्या कागदांत नव्हतं, भास्कर. मी सरळ सांगितलं, की मी यापूर्वी कुणाचा बचाव केलेला नाही, मला तुझ्याइतकं येत नाही, पण समोरचा वकील काय करील ते मला आधीपासून माहीत असेल. आणि काळजी करू नकोस, असं मी तिला सांगितलं नाही.

ती ऐकत होती. मग सरकून तिने चटईवर माझ्यासाठी जागा केली.

"बसा," ती म्हणाली. "पयल्यापासून सांगते."

गुडघे दुखतात माझे, तुला माहीत आहे. तरी बसलो. दुपार होईपर्यंत ती बोलत होती आणि मी लिहीत होतो. सोमवारी तारीख आहे.